बजेट लहान, काम चोख: गोव्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर नेमताना

माल तयार असतो. कोकमाचं आगळ (घट्ट रस) बाटल्यांत भरून झालेलं असतं, मसाला भाजून कुटून झालेला असतो, होमस्टेच्या खोल्यांना रंग लागलेला असतो. मग लेबल, बोर्ड, कार्ड यांची आठवण होते आणि तोवर हातात मोजकेच पैसे उरलेले असतात. फोंड्यात छपाईच्या धंद्यात असल्यामुळे अशी माणसं मला रोज भेटतात. कुणी भाच्याने मोबाईलवर केलेलं चित्र घेऊन येतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला धूसर फोटो दाखवून ‘हाच आमचा लोगो, एवढा मोठा करून द्या’ म्हणतं. कष्टाचे पैसे दोनदा खर्च होताना बघवत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. पैसे कमी असतील तर काम कमी करा, दर पाडू नका. अर्ध्या पैशात पूर्ण काम मागितलं की समोरचा माणूस जुनंच काहीतरी रंग बदलून देतो. त्याच पैशात अर्धं काम मागितलं, तर तो त्यात मन घालतो.

आधी यादी करा, मग तिला कात्री लावा

लोगो, तीन आकारांची लेबलं, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स, पत्रक, इन्स्टाग्रामच्या वीस पोस्ट. पहिली यादी बहुतेक अशीच असते. ती कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारा: हे नसेल तर माझी विक्री अडेल का? बाटलीवर लेबल नसेल तर दुकानदार माल ठेवणार नाही, म्हणजे लेबल हवंच. व्हिजिटिंग कार्ड नसलं तरी पहिले सहा महिने फोन नंबरावर निघतात. लेबलवरच्या नावाची अक्षरं एकदा नीट झाली, की तीच पुढे कार्डावर, बोर्डावर, पिशवीवर वापरता येतात. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला ठरलेला असतो: नावाची अक्षरं आणि विक्रीला लागणारी एक वस्तू, एवढंच आधी करून घ्या.

हिशेबाचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे एकूण १०,००० रुपये आहेत. त्यातले किमान ३,००० छपाईसाठी बाजूला काढा. आणखी १,००० राखीव ठेवा, कारण पत्ता, वजन किंवा परवाना क्रमांक ऐन वेळी बदलतो आणि थोडं काम पुन्हा करावं लागतं. उरले ६,०००. डिझायनरशी बोलताना हाच आकडा मोकळेपणाने सांगा. ‘तुम्हीच सांगा किती घेणार’ हा खेळ खेळण्यात दोघांचाही आठवडा जातो. आकडा माहीत असला की समोरचा माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो की एवढ्यात अक्षरं आणि एक लेबल बसेल, मोठ्या बाटलीचं लेबल पुढच्या वेळी.

प्रत्येक कामाला डिझायनर लागतोच असंही नाही. जत्रेतल्या स्टॉलचा एका दिवसाचा बॅनर, खानावळीतला आजच्या पदार्थांचा कागद, सुट्टीची सूचना, ही कामं छापखान्यातला डीटीपी ऑपरेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडणारा, चांगली करतो. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनावर घरीही होतात. मात्र कॅनव्हाच्या तयार चित्रांतून लोगो करू नका. तीच चित्रं जगभर कुणीही वापरू शकतो आणि त्यांच्या अटींनुसार अशा तयार चित्राचा ट्रेडमार्क तुम्हाला घेता येत नाही. उद्या धंदा वाढला की ही अडचण मोठी होते.

मजकूर तुमचा तुम्ही तयार करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त हयगय करतात. डिझायनरचा वेळ तुमचा मजकूर गोळा करण्यात गेला तर चित्र काढायला वेळच उरत नाही. अर्धं डिझाइन झाल्यावर ‘अरे, साठवणीची सूचना राहिली’ असं आठवलं, की सगळी मांडणी पुन्हा करावी लागते आणि त्याचे पैसे मागितले की भांडण होतं.

खाद्यपदार्थाचं लेबल असेल तर पुढच्या गोष्टी एका कागदावर लिहून, घरातल्या दोघांनी वाचून, मगच द्या. पदार्थाचं नाव. घटक, जास्त प्रमाणात असलेला आधी, या क्रमाने. पोषणमूल्यांचा तक्ता. निव्वळ वजन किंवा माप. सर्व करांसहित कमाल किंमत. बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख यांच्यासाठी मोकळी जागा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि त्यांनी दिलेला १४ अंकी क्रमांक. शाकाहारी असेल तर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, मांसाहारी असेल तर तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. मांसाहारासाठीही पूर्वी ठिपकाच असायचा, म्हणून सुंगटाच्या (कोळंबीच्या) किसमुराची पाकिटं छापताना जुनी चिन्हं अजून चुकून वापरली जातात. डिझायनरला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. कायद्याने जबाबदारी माल विकणाऱ्याची, म्हणजे तुमची आहे.

भाषेची एक बाब खास आपल्याकडची. आपल्याला मराठीत किंवा कोंकणीत लेबल हवं असतं आणि ते असावंच, आपल्या गिऱ्हाइकाला ते जवळचं वाटतं. पण सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी, कोंकणी किंवा आणखी कुठलीही भाषा तिच्या जोडीला चालते, तिच्याऐवजी चालत नाही. याचा अर्थ एवढाच की लहानशा लेबलवर दोन भाषांचा मजकूर मावायला हवा, आणि हे डिझायनरला पहिल्याच दिवशी कळायला हवं. मराठी मजकूर नंतर घुसवायला गेलं की अक्षरं मुंगीएवढी होतात.

चिन्हांच्या बाबतीतही जपा. खोला मिरची, फेणी, खाजें यांना भौगोलिक मानांकन आहे म्हणून आपण ते चिन्ह पाकिटावर छापू शकतो, असं पुष्कळांना वाटतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी झालेली असेल तरच ते वापरता येतं. सेंद्रिय मालाच्या चिन्हाचंही तसंच, प्रमाणपत्राशिवाय नाही. डिझायनर चिन्ह इंटरनेटवरून उचलून सहज लावून देईल, नोटीस मात्र तुम्हाला येईल.

आता माप. बाटली हातात घ्या आणि फक्त सरळ भागाची उंची मोजा. खांद्याजवळ बाटली वळते तिथे लेबल गेलं की सुरकुत्या पडतात. शिवणकामाची टेप बाटलीभोवती गुंडाळून घेर मोजा. ७ सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण २२ सेंटिमीटर येतो, पूर्ण वेढा हवा असेल तर चिकटण्यासाठी आणखी अर्धा-पाऊण सेंटिमीटर धरा. ही मापं लिहा, आणि शक्य असेल तर रिकामी बाटलीच डिझायनरच्या हातात द्या. फोटोपेक्षा ती जास्त सांगते.

बाटली कुठे राहणार हेही कळवा. सरबत फ्रिजमध्ये जातं, बाहेर काढलं की बाटलीला घाम सुटतो आणि साध्या क्रोमो, म्हणजे कागदी, स्टिकरचा लगदा होतो. लोणच्याच्या बरणीला तेल लागतं. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. अशा मालाला प्लास्टिकचा स्टिकर किंवा वरून लॅमिनेशन लागतं, आणि त्याचा खर्च छपाईच्या हिशेबात धरावा लागतो. म्हणून डिझाइन सुरू होण्याआधीच छापखान्याशी एकदा बोला आणि डिझायनरला छापखान्याचा नंबर द्या. दोघांचं पाच मिनिटं बोलणं झालं तर पुढच्या निम्म्या कटकटी होतच नाहीत.

माणूस कुठे शोधायचा

पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, तिथे उपयोजित कलेचा पदवी अभ्यासक्रम चालतो. शेवटच्या वर्षाची मुलं आणि नुकती बाहेर पडलेली मुलं लहान कामं आनंदाने घेतात. त्यांची वार्षिक प्रदर्शनं बघायला जा. दोन तासांत पंचवीस-तीस जणांचं काम एकत्र बघायला मिळतं आणि आवडलेल्या कामाखाली नाव असतंच. विद्यार्थी घेतलात तर परीक्षेच्या तारखा आधी विचारा आणि तेवढे दिवस त्याला फोन करू नका. आणि शिकतो आहे म्हणून फुकट करील, ही अपेक्षा कृपा करून ठेवू नका. कॉलेजच्या बसचं भाडं त्यालाही भरावं लागतं.

दुसरी जागा म्हणजे दुकानातली कपाटं. गोवा बागायतदारच्या बाजारात जिथे स्थानिक माल ठेवतात तिथे पंधरा मिनिटं उभे राहा. कुठली बाटली दुरून ओळखू येते, कुठलं नाव वाचायला कष्ट पडतात, ते स्वतः बघा. एखादं लेबल आवडलं तर त्यावरच्या नंबरला फोन करून विचारा, ‘हे कुणी केलं?’ आपली माणसं अशी माहिती सांगताना हात आखडता घेत नाहीत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजीतला लोकोत्सव, गावच्या उत्सवी नाटकांची पोस्टरं, सगळीकडे डोळे उघडे ठेवले तर नावं मिळत जातात. नाटकाच्या पोस्टरवर देवनागरी अक्षरं झोकात काढणारा मुलगा तुमच्या लेबलला फार उपयोगी पडू शकतो.

इन्स्टाग्रामवर आणि बिहान्स या डिझायनरांच्या संकेतस्थळावर गोव्याचे डिझायनर सापडतात. फायवर, अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या संकेतस्थळांवर जगभरचे मिळतात, पण तिथे मध्यस्थाचा वाटा असतो. फायवर काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के घेतं आणि घेणाऱ्याकडूनही वरून शुल्क आकारतं. देवनागरी अक्षरांचं काम असेल तर मी तरी तिकडे जाणार नाही. लिपी न वाचता येणारा माणूस वेलांटी कुठे गेली हे कसं ओळखणार?

काम पारखताना

पोर्टफोलिओतली चकचकीत चित्रं बघून भुलू नका. हवेत तरंगणारा कप आणि सोनेरी कार्ड ही तयार मॉकअपची, म्हणजे डिझाइन चिकटवून खरं भासवणाऱ्या चित्राची, करामत असते. विचारा: यातलं प्रत्यक्ष छापून बाजारात गेलेलं काय? त्याचा साधा फोटो दाखवा. छापलेल्या दोन गोष्टी हातात आल्या की बारीक अक्षरं वाचता येतात का, कडा नीट कापल्या आहेत का, हे दिसतं. आवडलेलं एखादं चित्र गूगल लेन्सवर टाकून बघा, उचलेगिरी असेल तर तिथेच कळते. तयार चित्रं किंवा एआयने केलेली चित्रं वापरता का, हेही सरळ विचारा. वापरली तर गुन्हा नाही, पण लोगोत ती नसावीत आणि तुम्हाला ठाऊक असावीत.

देवनागरीची परीक्षा मात्र घ्याच. तुमच्या मजकुरातलीच एक ओळ द्या आणि ती डिझायनरच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट काढून मागवा. ‘विक्री’, ‘निर्मिती’, ‘प्रक्रिया’, ‘पुऱ्या’ हे शब्द तिच्यात असू देत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, रफार भलत्याच डोक्यावर गेला, ‘ऱ्या’ तुटला किंवा जोडाक्षराचा पाय मोडून खाली हलन्त लटकलं, तर समजा की सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नाही किंवा माणसाला देवनागरीची सवय नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच वाचता येणाऱ्या युनिकोड मजकुराचाच आग्रह धरा. फॉन्टसाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी बघा. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या आजी-आजोबांना आजही खटकतात, आणि मलाही.

पहिला निरोप असा लिहा

‘लोगो करायचा आहे, किती होतील?’ या प्रश्नाला कुणीही खरं उत्तर देऊ शकत नाही. त्यापेक्षा असं लिहा:

‘नमस्कार. आम्ही सत्तरीतला महिलांचा स्वयंसाहाय्य गट. कोकमाचं आगळ आणि सरबत विकतो. आम्हाला देवनागरी आणि रोमन लिपीत नावाची अक्षरं आणि ५०० मिलिलिटरच्या बाटलीचं एक लेबल करून हवं आहे. बाटलीचं माप आणि पूर्ण मजकूर सोबत पाठवत आहोत. माल मुख्यतः वाळपई, डिचोली, म्हापशाच्या दुकानांत जातो, हिवाळ्यात पर्यटकही घेतात. डिझाइनसाठी आमच्याकडे ६,००० रुपये आहेत, छपाई वेगळी. २० जुलैला फाईल छापायला जायला हवी. एवढ्यात काय बसेल आणि काय नाही, मोकळेपणाने सांगा. छापून झालेल्या कामाचे दोन-तीन फोटो पाठवाल का?’

तारीख मुद्दाम जुलैची घातली आहे. चवथीच्या आधीचे तीन-चार आठवडे छापखान्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि ऑक्टोबरात पर्यटनाचा हंगाम उघडला की हॉटेलवाल्यांची कामं लागतात. पावसात सुरुवात केली तर डिझायनरही निवांत असतो आणि तुम्हालाही घाई नसते.

असा निरोप तीन जणांना पाठवा, दहांना नको. उत्तरात कोण उलट प्रश्न विचारतो ते बघा. ‘बाटली काचेची की प्लास्टिकची? शेल्फवर शेजारी काय असतं?’ असं विचारणारा माणूस थोडा महाग असला तरी घ्या. आणि ‘आधी दोन-तीन डिझाइनं करून दाखवा, आवडलं तर पैसे देतो’ असं कुणालाच सांगू नका. सुताराला आधी खुर्ची करून आण, आवडली तर घेतो, असं आपण म्हणत नाही. विचार करणं हेच त्याचं काम असतं आणि ते पहिल्या डिझाइनमध्येच झालेलं असतं. अगदीच खात्री हवी असेल तर एक लहानसं काम, उदाहरणार्थ एक पोस्ट, ठरलेले पैसे देऊन करून घ्या.

पैसे आणि करार

लहान बजेटला तासांवर दर घेऊ नका, कामावर ठोक रक्कम ठरवा. अर्धे पैसे आधी, अर्धे अंतिम फाईल मंजूर झाल्यावर. ही पद्धत दोघांनाही सोयीची पडते. सगळे पैसे आधी देऊ नका आणि आगाऊ न देता कामही सुरू करायला लावू नका. दोन वेळा करेक्शन ठरलेल्या रकमेत, त्यापुढच्या प्रत्येक वेळेला किती, हे आधीच लिहा. काम मध्येच थांबवावं लागलं तर काय, हेही एका ओळीत लिहा: आगाऊ रक्कम डिझायनरची, तोवरचं काम तुम्हाला वापरता येणार नाही. यूपीआयने पैसे द्या, नोंद राहते.

जीएसटीच्या बिलासाठी अडून बसू नका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणी लागत नाही, आणि बहुतेक फ्रीलान्सर त्या आतच असतात. नाव, पत्ता, पॅन, तारीख, कामाचं वर्णन आणि रक्कम असलेलं साधं बिल घ्या. तुमच्या हिशेबाला ते पुरतं.

आता हक्कांबद्दल, कारण पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं जवळजवळ सगळेच समजतात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः ती करणारा असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, फ्रीलान्सरचं तसं आपोआप होत नाही. हक्क तुमच्याकडे येण्यासाठी लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरते मानले जातात, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरते. शिवाय वेगळं काही ठरलेलं नसेल आणि मिळालेले हक्क वर्षभरात वापरले गेले नाहीत तर ते संपतात. हे सगळं टाळायला चार ओळी पुरतात:

‘ठरलेली पूर्ण रक्कम मिळाल्यावर, या लोगोचे आणि लेबलचे सर्व हक्क कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी आणि सर्व माध्यमांतील वापरासाठी मी अमुक गटाला देत आहे. एक वर्षात वापर झाला नाही तरी हे हक्क कायम राहतील. हे काम माझं स्वतःचं असून त्यात दुसऱ्याचं चित्र वापरलेलं नाही. स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून हे दाखवण्याची मला मुभा राहील.’

खाली तारीख, रक्कम, दोघांची नावं आणि सह्या. शेवटची ओळ डिझायनरसाठी आहे, ती काढायला सांगू नका. पुढची कामं त्याला त्यातूनच मिळतात. नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा असेल तर लेबल छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर ते नाव दुसऱ्याचं तर नाही ना, हे शोधून बघा. शोधायला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी व्यक्ती आणि लहान उद्योगांना ४,५०० रुपये आहे. पहिल्याच महिन्यात ती भरायची घाई नको, पण नाव तपासून घ्यायला उशीरही नको.

रफ, म्हणजे कच्चं डिझाइन, आल्यावर

गटात दहा जणी असतील तर दहा मतं येणारच. ती आपापसांत बोलून घ्या आणि डिझायनरशी एकीनेच बोला. सगळ्यांच्या सूचना एका निरोपात, क्रमांक घालून पाठवा. आज रंग, उद्या अक्षर, परवा पुन्हा जुनाच रंग, असं झालं की दोन करेक्शनं एका दिवसात संपतात.

सूचना देताना उपाय सांगू नका, अडचण सांगा. ‘नाव लाल करा’ याऐवजी ‘दुकानात चार हातांवरून नाव वाचता येत नाही’ असं सांगितलंत तर तो अक्षर जाड करील, मागचा रंग फिका करील, कदाचित शेजारचं फुलांचं चित्र काढूनच टाकील. ‘जरा उठाव येऊ दे’ या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. आणि रफ फक्त मोबाईलवर बघू नका. प्रत्यक्ष मापात साध्या कागदावर प्रिंट काढा, कापा, बाटलीला चिकटवा, ती दुसऱ्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून मागे सरका. आठ-दहा रुपयांच्या या प्रिंटने मी कित्येक लेबलं छापण्याआधी सुधारलेली बघितली आहेत. रंगांचंही इथेच कळतं. मोबाईलच्या पडद्यावर झगमगणारा हिरवा आणि केशरी कागदावर मंद होतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. आगळाचा जांभळट लाल तर विशेष फसवतो, तो कागदावर तपकिरी होऊ शकतो.

छापण्याआधी आणि फाईली घेताना

प्रूफ वाचायला असा माणूस बसवा ज्याने हा मजकूर आधी पाहिलेला नाही. फोन नंबर वाचू नका, त्याच्यावर फोन लावून बघा. क्यूआर कोड असेल तर छापील प्रूफवरून स्कॅन करा. एफएसएसएआयचे अंक एक-एक करून परवान्याशी ताडून बघा. मग ‘मंजूर’ असं लिहून कळवा. त्यानंतर सापडलेल्या मजकुरातल्या चुकीचा खर्च तुमचा, हे न्यायाचंच आहे.

शेवटचे पैसे देण्याआधी कुठल्या फाईली मिळणार हे करारातच लिहिलेलं असावं. मूळ ओपन फाईल, म्हणजे बदल करता येणारी: कोरल ड्रॉची सीडीआर किंवा इलस्ट्रेटरची एआय. आपल्याकडचे बरेच छापखाने कोरल ड्रॉवर चालतात, म्हणून सीडीआर जुन्या व्हर्जनमध्येही सेव्ह करून घ्या, नाहीतर दुसऱ्या दुकानात ती उघडत नाही. छपाईची पीडीएफ, सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडून आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतींत बदललेली. अक्षरं कर्व्ह न करता दिलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून उघडते, मराठीचा तर चुराडाच होतो. मात्र पुढे मजकूर बदलता यावा म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रतही हवी. लोगो कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या एसव्हीजीमध्ये आणि पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत, एकरंगी काळा आणि उलटा पांढरा, दोन्ही. आत फोटो असतील तर लेबलसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके). मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० पुरतं. वापरलेले रंग आणि फॉन्टची नावं एका कागदावर लिहून घ्या.

हे सगळं झिप करून ईमेलने किंवा गूगल ड्राइव्हवर मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाईल दाबून लहान केलेली असते, ती छापायला घेऊ नका. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर, आणि गटातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी पासवर्ड. फाईली उघडून बघितल्या की उरलेली रक्कम त्याच दिवशी पाठवा, बिल घ्या, हक्कांच्या कागदावर सही घ्या. पहिली छपाई १००-२०० नगांचीच करा, डिजिटलवर. ऑफसेटवर, म्हणजे मोठ्या छपाईच्या यंत्रावर, हजारोंनी छापलं की एका नगाचा खर्च कमी येतो खरा, पण पहिल्या खेपेत वजन, किंमत किंवा पत्ता बदलायची वेळ येतेच, आणि रद्दी झालेली लेबलं सगळ्यांत महाग पडतात. ती खेप विकली गेली आणि दुकानदारांनी काय सांगितलं ते लिहून ठेवलंत, की त्याच डिझायनरकडे पुढच्या बाटलीसाठी जा; अक्षरं, रंग, मांडणी सगळं तयार असल्यामुळे दुसरं लेबल पहिल्यापेक्षा कमी पैशांत होतं.